आधी मरणारी अळी

सातेरी म्हणजे आपली देशी मधमाशी. तिच्या पोळ्यात नरांची घरं ओळखायला फार अनुभव लागत नाही. ती कामकरी माशीच्या घरांपेक्षा मोठी असतात, बहुतेक पोळ्याच्या खालच्या कडेला असतात आणि त्यांचं टोपण जरा उंचावलेलं असतं. आतला कोष पक्व होत आला की माश्या टोपणावरचं मेण खरवडून नेतात. खाली घट्ट, तपकिरी आवरण उरतं आणि त्याच्या मधोमध एक अगदी बारीक छिद्र दिसतं. मोहरी-सूर्यफुलाच्या शेतांकडेला ज्या युरोपियन माशीच्या पेट्या आता रांगेने मांडलेल्या असतात, त्या मेलिफेराच्या नरघरांना हे छिद्र नसतं.

जावळीच्या बाजूला माझ्या ओळखीचे एक वयस्कर मधपाळ आहेत. नर कधीच उडून गेले होते, तरी पोळ्यात काही टोपणं तशीच बंद राहिली होती, ती त्यांनी मला दाखवली. "ह्या घरांना माशी हात लावत न्हाई, ताई. आत काय झालंय ते तिला ठावं असतंय." एक टोपण उचकटून पाहिलं. आत सुकलेला नर होता आणि त्याच्या अंगाला लालसर तपकिरी, चपटे, लांबीपेक्षा रुंदी जास्त असलेले बारीक जीव चिकटून मेलेले होते. व्हरोआ. साऱ्या जगातल्या मधपाळांची झोप उडवणारा, गोचिडाच्या जातकुळीतला हा परजीवी मूळचा आपल्या सातेरीचाच. ती आणि तो फार जुने सोबती आहेत.

विसाव्या शतकात माणसाने मेलिफेराच्या पेट्या आशियात पूर्वेकडे नेल्या. तिथे सातेरीच्या जातीच्या माश्यांवरून व्हरोआ मेलिफेरावर गेला आणि मग पेट्यांच्या व्यापाराबरोबर जगभर फिरला. १९८७ मध्ये तो अमेरिकेत सापडला, २००० मध्ये न्यूझीलंडमध्ये. ऑस्ट्रेलिया बराच काळ वाचला होता, पण २०२२ मध्ये तिथेही पोचला. उपचार न करता ठेवलेल्या मेलिफेराच्या बहुतेक वसाहती तो दोन-तीन वर्षांत संपवतो. सातेरीत मात्र तो असतो आणि सातेरीही असते. या दोन माश्यांमध्ये नेमका फरक काय, हा प्रश्न मला कित्येक वर्षं सोडत नाही. त्याचं जे उत्तर हळूहळू हाती येत गेलं, त्याने समाज म्हणजे काय याबद्दलची माझी समजूतच बदलून टाकली.

एक उत्तर त्या बंद टोपणात आहे. एकाच घरात बरेच व्हरोआ शिरले तर आतला नर इतका अशक्त होतो की ते कडक आवरण त्याला फोडता येत नाही. माश्या बाहेरून ते उघडत नाहीत. नर आत मरतो आणि त्याच्याबरोबर परजीवींची ती सगळी पिढी गाडली जाते. हवा जायला छिद्र आहे, पण सुटायला वाट नाही.

दुसरं उत्तर याहून विलक्षण आहे. ते कामकरी अळ्यांबद्दल आहे आणि मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचत राहिले. सातेरीच्या कामकरी घरांत व्हरोआ जवळजवळ वाढतच नाही, हे पूर्वीपासून माहीत होतं. त्याचं श्रेय माश्यांच्या साफसफाईला दिलं जायचं: त्या चपळ, एकमेकींच्या अंगावरचे परजीवी टिपतात, रोगट अळी ओढून बाहेर टाकतात. ते खरंच आहे. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही जातींच्या अळ्यांची थेट तुलना झाली आणि दिसलं असं, की व्हरोआ चावला तर मेलिफेराची अळी बहुतेक वेळा तग धरते आणि सातेरीची अळी लवकर कोलमडते. तिची वाढ खुंटते, ती मरते. मरताच माश्यांना कळतं, त्या घर उघडतात, अळी बाहेर काढतात आणि व्हरोआला पिल्लं वाढवायला वेळच मिळत नाही. म्हणजे सातेरी टिकते ती तिच्या अळ्या नाजूक आहेत म्हणून. मेलिफेराची अळी चिवट आहे, आणि तिच्या त्या चिवटपणाच्या आश्रयाने परजीवी वाढतो, वसाहत मरते. संशोधकांनी याची सांगड आपल्या शरीराशी घातली आहे. विषाणू शिरलेली पेशी कधी कधी स्वतःहून मरते आणि उरलेलं शरीर वाचतं, तसंच हे, फक्त इथे पेशीच्या जागी अख्खी अळी आहे.

आता यातली अडचण पाहा. लवकर मरण्याचा गुण पुढच्या पिढीत जातो कसा? जी मरते तिला पिल्लं होत नाहीत. आणि जगली असती तरी ती कामकरीच झाली असती, राणी असलेल्या वसाहतीत तिला संतती बहुधा झालीच नसती.

डार्विनला हीच अडचण छळत होती. १८५९ साली आपला सिद्धांत जगापुढे मांडताना त्याने कबूल केलं, की वांझ कामकरी कीटकांचं हे कोडं आधी त्याला न सुटणारं आणि सगळ्या सिद्धांताच्याच मुळावर येणारं वाटलं होतं. आपल्याला अपत्यच नसेल तर आपले गुण निवडले कसे जाणार? त्याने काढलेली वाट पशुपालकांच्या रोजच्या व्यवहारातली होती. उत्तम मांस निघालेला बैल तर कापला गेलेला असतो, पण पाळणारा त्याच बैलाच्या गोतावळ्याकडे परत जातो आणि तेच वाण पुढे चालवतो. निवड एकट्या जिवाची होते तशी कुटुंबाचीही होते. जनुक हा शब्दही नसलेल्या काळात डार्विन इथवर आला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हिशोब पुढे बऱ्याच वर्षांनी झाला. त्याचा एक धागा मात्र डार्विनच्याही आधी एका धर्मगुरूच्या हाती लागला होता. आज पोलंडमध्ये असलेल्या सायलेशियात योहान झिएर्झोन नावाचे पाद्री माश्या पाळत. १८४५ साली त्यांनी मांडलं, की नर माश्या फलन न झालेल्या अंड्यांतून जन्मतात. नराला बाप नसतो. त्याला आजोबा असतो, तोही फक्त आईकडून. त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे त्याचा प्रत्येक शुक्राणू दुसऱ्याची हुबेहूब प्रत. १९६४ मध्ये डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या तरुण इंग्रज संशोधकाने नातेवाइकांच्या मार्फत पुढे जाणाऱ्या वारशाचं गणित मांडलं, तेव्हा हा धागा त्याला उपयोगी पडला. एकाच आईबापाच्या दोन कामकरी बहिणी घ्या. बापाकडून आलेला अर्धा वाटा दोघींत शंभर टक्के सारखा. आईकडून आलेला अर्धा वाटा सरासरी निम्मा सारखा. बेरीज तीन चतुर्थांश. स्वतःच्या मुलीशी मात्र नातं निम्मंच. मग मुली जन्माला घालण्यापेक्षा आईला आणखी बहिणी वाढवायला मदत करणं जनुकांच्या दृष्टीने फायद्याचं ठरतं.

इतकं सुबक उत्तर मिळालं की मन तिथेच थांबतं. बरेच जण थांबलेही. पण हे गणित मधमाशीच्या बाबतीत तसं लागू होत नाही, कारण मधमाशीची राणी एका नराशी मीलन करत नाही. ती आयुष्याच्या सुरुवातीला उंच हवेत उडते आणि डझनभर किंवा त्याहूनही अधिक नरांशी तिचं मीलन होतं. प्रत्येक नर त्या क्षणी मरतो. त्या सगळ्यांचं बीज राणी आपल्या पोटातल्या कुपीत वर्षानुवर्षं जपते. परिणामी पेटीतल्या बहुसंख्य माश्या एकमेकींच्या सावत्र बहिणी असतात. आई एक, बाप निराळे. सावत्र बहिणींचं नातं एक चतुर्थांशच. बारा नरांचा वाटा सारखा धरला तर सरासरी नातं ०.२९ वर येतं, म्हणजे माणसाच्या सख्ख्या भावंडांपेक्षाही पुष्कळ कमी.

मग हा समाज बांधला कशाने? कोडं उलगडायला काळात मागे जावं लागलं. मुंग्या, गांधीलमाश्या आणि मधमाश्यांच्या २६७ जातींची तुलना करून २००८ साली दाखवून दिलं गेलं, की जिथे जिथे असा समाज निर्माण झाला तिथे मूळच्या पूर्वज माद्या एकाच नराशी मीलन करणाऱ्या होत्या. एकच बाप असेल तर बहिणी आणि भाऊ धरून भावंडांशी नातं सरासरी निम्मं, स्वतःच्या पिल्लांशीही निम्मं. तराजू समतोल. आता आईच्या घरी राहण्यात थोडा जरी जास्त लाभ असला, शत्रूपासून बचाव असो की तयार घर असो, तरी पारडं तिकडे झुकतं. लाखो वर्षांनी कामकरी माद्यांची मीलन करण्याची क्षमताच संपली, मागे फिरायची वाट बंद झाली. त्यानंतरच राणीला अनेक नरांची मुभा मिळाली. तीन चतुर्थांशाच्या प्रसिद्ध आकड्यापेक्षा हा क्रम मला कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

वाट बंद झाली नसेल तर माश्या मागे फिरतातही. घामाकडे आकर्षित होणाऱ्या छोट्या हॅलिक्टिड माश्यांच्या कुळात समाज दोन-तीनदा घडला आणि त्याच्या कितीतरी जास्त वेळा मोडला. एकाच जातीतल्या काही माद्या थंड डोंगरावर एकट्या राहतात आणि उबदार सखल भागात मुलींबरोबर घर करतात. आपल्या घराच्या वाशांना गोल भोकं पाडणारा काळा भुंगाही मधमाशीचाच नातलग. त्याच्या काही जातींत मुलगी आईच्या बोगद्यात राहून दाराशी राखण करते, काहींत नाही. समाज ही उत्क्रांतीने गाठायची शेवटची पायरी नाही. तो काही परिस्थितींत परवडतो, काहींत परवडत नाही.

आता त्या अनेक बापांकडे परत येते, कारण मला सांगायचं ते खरं तिथेच आहे. नातं पातळ होतं, तरी राणी इतक्या नरांशी मीलन करते, यात काही तरी मोठा लाभ असला पाहिजे. अमेरिकेत हेदर मॅटिला आणि थॉमस सीली यांनी काही राण्यांना एकाच नराचं बीज कृत्रिम रीतीने दिलं आणि काहींना पंधरा नरांचं. २००७ मध्ये आलेला निष्कर्ष स्पष्ट होता: पंधरा बापांच्या वसाहतींनी पोळं लवकर बांधलं, जास्त अन्न साठवलं आणि हिवाळा काढण्यात त्या पुढे राहिल्या. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी २००४ मध्ये पोळ्यातलं तापमान मोजलं होतं. अळ्यांना साधारण ३४-३५ अंश लागतात. ते वाढलं की माश्या पंखांनी वारा घालतात. एकाच बापाच्या मुलींना उकाडा जवळपास एकाच वेळी जाणवतो, सगळ्या एकदम पंख हलवू लागतात, पोळं जास्त थंड होतं, मग सगळ्या एकदम थांबतात. वेगवेगळ्या बापांच्या मुलींना तो वेगवेगळ्या अंशांवर जाणवतो. आधी थोड्या उठतात, मग आणखी थोड्या. तापमान स्थिर राहतं.

मधमाश्यांची उदाहरणं देऊन मुलांना शिस्त आणि एकवाक्यता शिकवली जाते. ते ऐकताना मला वाईट वाटतं, कारण पेटीच्या आत जे आहे ते त्याच्या नेमकं उलटं आहे. तिथे हुकूम देणारं कुणी नाही, राणीसुद्धा नाही. काम वाटून देणारं कुणी नाही. ज्या माशीला ज्या गोष्टीची जाणीव लवकर होते ती ते काम आधी हाती घेते आणि या जाणिवेचे उंबरठे वारशाने वेगळे असतात म्हणूनच घर चालतं. एकसारखेपणा आला तर ते ढासळतं.

स्वच्छतेचंही तसंच. वॉल्टर रोथेनब्यूलर यांनी ओहायोत दोन वाणांच्या माश्या घेतल्या होत्या. एक वाण रोगाने मेलेल्या अळीच्या घराचं टोपण काढून ती बाहेर टाकायचं, दुसरं तिला तशीच सडू द्यायचं. दोन्हींचा संकर केला तर संकरित माश्या साफसफाई करत नव्हत्या. मग त्या संकराचा पुन्हा स्वच्छ वाणाशी संकर करून २९ वसाहती तयार केल्या. सहा वसाहतींनी दोन्ही कामं केली. नऊ वसाहतींनी टोपणं काढली आणि मेलेल्या अळ्या मात्र तशाच ठेवल्या. उरलेल्या चौदांनी काहीच केलं नाही. इथे रोथेनब्यूलर यांनी जे केलं त्याला मी मनापासून दाद देते: त्यांनी त्या चौदा वसाहतींची टोपणं स्वतः काढून पाहिली. सहा वसाहतींतल्या माश्या पुढे आल्या आणि अळ्या ओढून बाहेर टाकू लागल्या. त्यांना टाकता येत होतं, फक्त उघडता येत नव्हतं. एका कामाचे दोन तुकडे, दोन निराळ्या वारशांतून आलेले. १९६४ चाच हा शोध.

हा प्रयोग पुढे वर्तनाच्या आनुवंशिकतेचं आदर्श उदाहरण म्हणून शिकवला गेला, 'उघडण्याचं जनुक' आणि 'काढण्याचं जनुक' असा. खरं चित्र इतकं सरळ निघालं नाही. २००२ मध्ये गुणसूत्रांवर शोध घेतला तेव्हा या वर्तनाशी संबंध असावा अशा सात जागांचे संकेत मिळाले. मिनेसोटात मार्ला स्पिव्हॅक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की स्वच्छ वाणाच्या माश्यांना रोगट अळीचा वास अगदी थोडा असतानाच येतो. म्हणजे वारशाने आली ती स्वच्छतेची आवड नव्हे. वारशाने आलं तीक्ष्ण घ्राण. उरलेलं काम त्या वासाने आणि शेजारी असलेल्या दुसऱ्या माश्यांनी करून घेतलं. ज्यांना वास आधी येतो त्या टोपणाला भोक पाडतात, वास पसरतो, मग ज्यांचं नाक तितकं तीक्ष्ण नाही त्याही कामाला लागतात.

सातेरीची नाजूक अळी आता या साखळीत ठेवून पाहा. तिच्या मरण्याला एकट्याने काहीच अर्थ नाही. जवळ तीक्ष्ण नाकाची मावशी-बहीण नसेल तर ती नुसतीच मेली. आणि अळी चिवट असेल तर तीक्ष्ण नाकालाही काही कळत नाही. हा गुण कोणत्याही एका माशीच्या अंगात नाही. अर्धा अळीत आहे, अर्धा तिला सांभाळणाऱ्या दाई-माशीत, आणि त्या दोघींचे बाप बहुधा वेगळे आहेत. निवड झाली ती त्या दोन अर्ध्यांच्या जुळणीची. माणसाने एकेका जिवाची ताकद मोजत सर्वांत तगड्या अळ्या निवडल्या असत्या तर त्याने सातेरीचं कवचच काढून टाकलं असतं.

जनुकांचं कामही आपण समजतो तितकं पक्कं बांधलेलं नसतं. राणी आणि कामकरी एकाच प्रकारच्या अंड्यातून होतात. अळीला काय आणि किती खाऊ घातलं जातं त्यावर कोणती जनुकं बोलणार ते ठरतं. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात अळ्यांमधलं डीएनएवर खुणा करणारं एक विकर बंद केलं तर बऱ्याच अळ्या राणीसारख्या वाढल्या. त्याहून मला हलवून गेला तो २०१२ चा अभ्यास. कामकरी माशी आधी घरात दाई असते, मग बाहेर जाऊन मकरंद आणते. दोन्ही अवस्थांत तिच्या मेंदूतल्या डीएनएवरच्या खुणा वेगळ्या असतात. पेटीतल्या दाया काढून घेतल्या तेव्हा बाहेर जाणाऱ्या काही वयस्कर माश्या परत अळ्या सांभाळू लागल्या, आणि त्यांच्या मेंदूतल्या अनेक खुणाही दाईच्या होऊन गेल्या. गरज पाहून म्हातारपणी शरीराने स्वतःचं वाचन बदललं.

या समाजात भांडण नाही असंही नाही. कामकरी माशी फलन न झालेली अंडी घालू शकते, त्यांतून नर होतात. बाकीच्या माश्या ती अंडी शोधून खाऊन टाकतात, कारण सावत्र बहिणीच्या मुलापेक्षा राणीचा मुलगा त्यांना जवळचा. हा पहारा सुटला तर काय होतं ते दक्षिण आफ्रिकेत दिसलं. तिथल्या केप माशीची कामकरी मादी नराशिवाय मादीच जन्माला घालू शकते. १९९० मध्ये या माश्या उत्तरेकडे नेल्या गेल्या आणि त्यांच्या एका मादीच्या जवळजवळ एकसारख्या प्रती दुसऱ्या पोटजातीच्या पोळ्यांत शिरून वाढत गेल्या. त्या काम करत नव्हत्या, अंडी घालत होत्या. हजारो वसाहती बुडाल्या.

हे सगळं मला सह्याद्रीतल्या सातेरीसाठी तातडीचं वाटतं. १९९१ नंतर अळ्या मारणाऱ्या थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. जे मधपाळ पुन्हा उभे राहिले ते मुख्यतः आपोआप वाचलेल्या थोड्या वसाहतींच्या जोरावर. त्या वाचल्या, कारण कुठल्या तरी राणीच्या कुठल्या तरी नराने नेमका उपयोगी वारसा दिलेला होता. ही विविधता पेट्यांत तयार होत नाही. राणीचं मीलन आपल्या हातात नसतं. मेंडेलनेही मधमाश्या पाळल्या होत्या, आणि वाटाण्यावर जे साधलं ते माश्यांवर साधलं नाही याचं एक कारण हेच. पेटीतल्या राणीला भेटणारे नर आसपासच्या रानातून येतात: जुन्या हिरड्याच्या ढोलीतून, देवराईतल्या वारुळातून, पडक्या बांधाच्या कपारीतून. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, याचा मला आनंद आहे. पण गावातल्या पेट्यांइतकीच गावाबाहेरच्या ढोल्यांची गणती व्हायला हवी. ढोली असलेलं झाड 'पोकळ झालंय' म्हणून तोडतात तेव्हा पुढच्या साथीत कामी येणारे बाप जातात.

वसाहतींचं विभाजन करताना आपण बहुतेक जण जास्त मध देणारी आणि कमी डंख मारणारी पेटी निवडतो. त्याच्या आधी स्वच्छतेची एक साधी चाचणी करता येते. बंद घरांचा हातभर नव्हे, तळहाताएवढा तुकडा निवडायचा, घरं मोजायची, बारीक सुईने प्रत्येक कोष टोचायचा आणि चौकट परत ठेवायची. चोवीस तासांनी किती घरं रिकामी झाली ते पाहायचं. सातेरीत फरक फार लवकर दिसतो, म्हणून मी काही तासांनीही एकदा उघडून बघते. जावळीच्या त्या मधपाळांनी यंदा ही चाचणी आपल्या सगळ्या पेट्यांवर केली. सर्वांत आधी साफ झालेली पेटी मधाच्या बाबतीत मधल्या फळीतली निघाली. नव्या राण्या तिच्यापासून वाढवायच्या असं त्यांनी ठरवलं आहे आणि त्यांच्या शिवाराच्या वरच्या अंगाला असलेली दोन ढोलीची झाडं ठेवावीत म्हणून ते आता चुलतभावाशी बोलताहेत.